हातघडणीची गोटी आणि यंत्रावरची गोटी: फरक कुठे पाहावा

जुन्या काचेच्या गोट्यांचे वर्गीकरण एका प्रश्नापासून सुरू होते: समोरची गोटी हाताने घडवलेली आहे की यंत्रावर? जवळजवळ सारख्याच मापाच्या आणि सारख्याच रंगसंगतीच्या दोन गोट्या शेजारी ठेवल्या, तर त्यांतली एक जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा गावच्या भट्टीतून एकोणिसाव्या शतकात बाहेर पडलेली असू शकते आणि दुसरी अमेरिकेतल्या ओहायो किंवा वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कारखान्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेली असू शकते. नवखा संग्राहक साहजिकच रंगांकडे पाहतो. रंग मात्र या प्रश्नाचे उत्तर क्वचितच देतात. उत्तर शोधायचे ते गोटीच्या दोन टोकांवर, म्हणजे काच जिथून कापली किंवा तोडली गेली त्या जागी.

लाउशात काचेचा उद्योग १५९७ पासून आहे, परंतु गोट्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १८४० नंतरच्या दशकात ग्राइनर घराण्यातील कारागिराने एका खास कात्रीचा उपयोग सुरू केल्यावर वाढले. या कात्रीच्या एका पात्याच्या टोकाला छोटी वाटी असे. कारागीर आधी रंगीत काचेचे धागे आणि पारदर्शक काचेचे थर एकावर एक चढवून जाड कांडी तयार करी, ती तापवून पिळत-ताणत लांब करी, मग तिचे मऊ टोक वाटीत फिरवून गोल आकाराला आणी आणि तेवढा तुकडा कापून टाकी. एका कांडीतून अशा अनेक गोट्या निघत. त्यामुळे कांडीच्या मधल्या भागातून आलेल्या प्रत्येक गोटीवर दोन्ही टोकांना कापल्याची खूण राहते, आणि या खुणेला संग्राहक ‘पॉन्टिल’ म्हणतात. ती कधी खडबडीत असते, कधी घासून सपाट केलेली असते, तर कधी आगीवर धरून वितळवलेली असते. कांडीच्या अगदी शेवटच्या तुकड्यात मात्र आतले धागे एका टोकाला पोहोचण्याआधीच संपतात. असा नमुना सदोष भासतो खरा, पण गोटी कांडीतूनच कापलेली आहे याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

यंत्राचा इतिहास ओहायोतील ॲक्रन शहरात सुरू होतो. मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सन यांना गोल वस्तू बनवण्याच्या यंत्राचे पेटंट १९०५ मध्ये मिळाले आणि त्यांच्या कंपनीने १९१७ पर्यंत काचेच्या गोट्या बनवल्या. ॲक्रनमध्येच उभी राहिलेली ॲक्रो ॲगेट ही कंपनी १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडेपर्यंत या धंद्यातील मोठे नाव होती. पहिल्या महायुद्धात जर्मन माल अमेरिकेत येणे थांबले, आणि त्या पोकळीत यंत्रावरच्या गोटीने बाजार काबीज केला. यंत्रात वितळलेल्या काचेचा छोटा गोळा खाचा असलेल्या फिरत्या चाकांवर, पुढच्या काळात स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचांच्या रोलरवर पडतो आणि सतत गडगडत असतानाच थंड होतो. त्याला सळईवर धरून ठेवावे लागत नाही, म्हणून पॉन्टिल राहत नाही. फार तर कात्रीने काच तोडल्याची बारीक घडीसारखी रेघ टोकांवर दिसते.

सर्वाधिक गफलत होते ती जर्मन ‘स्वर्ल’ आणि ॲक्रो ॲगेटची ‘कॉर्कस्क्रू’ या दोन प्रकारांत, कारण दोन्हींत पिळदार रंगीत पट्टे असतात. स्वर्लमध्ये रंगीत धागे अनेक असतात, ते सगळे एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला पुन्हा एकत्र येतात, आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी जशा देठाशी मिळतात तसे टोकाशी मिळतात. शिवाय पारदर्शक काचेतून पाहिले तर आत वेगळा गाभा दिसतो: पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्यांची जाळी, भरीव रंगीत स्तंभ, सुटे पट्टे किंवा सपाट फीत. कॉर्कस्क्रूमध्ये पट्टा बहुधा पृष्ठभागाला धरून असतो आणि स्क्रूच्या आट्याप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत जातो. त्यावर बोट ठेवून गोटी फिरवत गेल्यास पट्टा स्वतःला कुठेही न छेदता दुसऱ्या टोकाला पोहोचतो. एवढी एक चाचणी केली तरी बहुतेक शंका मिटतात. आपल्याकडच्या दुकानांतील बरण्यांत दिसणारी, आत पाकळ्यांसारखी रंगीत पाती असलेली ‘कॅट्स आय’ गोटी या वादात येतच नाही. तिची पाती पिळलेली नसतात, टोकांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतर आधी जपानमधून जगभर पसरली.

खरी कसोटी लागते ती ‘स्लॅग’ गोट्यांत. जांभळ्या, हिरव्या, तपकिरी किंवा निळ्या काचेत पांढरी काच अर्धवट मिसळून संगमरवरासारखे जे रूप येते, ते हातानेही साधता येते आणि यंत्रावरही. हाताने घडवलेल्या स्लॅगमध्ये कारागीर सळईच्या टोकावर एका गोटीपुरती काच घेऊन ती गोल करी आणि सळईपासून तोडी, म्हणून तिच्या एकाच टोकावर पॉन्टिल सापडते आणि समोरचे टोक गुळगुळीत असते. संग्राहक या प्रकाराला ‘ट्रान्झिशनल’ म्हणतात. पूर्वी अशा गोट्यांचे श्रेय सरसकट ॲक्रनचे काचकारागीर जेम्स हार्वे लेटन यांना दिले जाई, पण त्यांतील पुष्कळशा जर्मन आहेत असे आता मानले जाते. ख्रिस्टेन्सन यांच्या कारखान्यातही काच भट्टीतून सळईवरच काढत असत. कामगार मनगटाला झोका देत ती यंत्रावर ओघळू देई आणि कात्रीने कापी. म्हणजे काच गोळा करणारा हात माणसाचा आणि तिला गोल करणारे चाक यंत्राचे, अशी ही मधली अवस्था आहे. मनगटाच्या त्या फिरकीमुळे गोटीच्या एका टोकावर पांढऱ्या काचेची ९ या आकड्यासारखी वळी उमटते आणि विरुद्ध टोकावर कापल्याची शेपटीसारखी रेघ राहते. ९ आणि शेपटी दोन्ही दिसत असतील तर गोटी यंत्रावर वळलेली आहे, असे मानण्यास हरकत नाही. पुढे काच भट्टीतून आपोआप पडू लागल्यावर ती फिरकी गेली, ९ अस्पष्ट होत गेला, आणि दोन्ही टोकांवर केवळ घडीच्या रेषा उरल्या. मला विचाराल तर संग्राहकाने भिंग पहिल्यांदा या स्लॅगवर धरावे, कारण एका गोटीत दोन युगांचा सांधा इतका उघड क्वचितच दिसतो.

बाकीचे पुरावे दुय्यम समजावेत. माप काहीसे उपयोगी आहे: यंत्रावरच्या बहुतेक गोट्या ⅝ इंचाच्या, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि १ इंचापुढे विरळाच जातात, तर हातघडणीच्या गोट्या २ इंचांपर्यंतही मिळतात. लहान गोटीबाबत मात्र मापावरून काहीच ठरत नाही. बुडबुडे दोन्हींत सापडतात. अतिनील दिव्याखाली काच हिरवी चमकली तर काचेच्या घटकांविषयी काही कळते, घडणीविषयी नाही. जुन्या खोक्यावर ‘जर्मनी’ छापलेले असले तरी ती ग्वाही खोक्याची असते; अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव छापणे १८९१ पासून बंधनकारक झाले, पण रिकाम्या खोक्यात नंतर दुसऱ्या गोट्या भरण्याला कोणतीच आडकाठी नव्हती. नावांवरही विसंबू नये. तांब्याच्या चमकदार कणांच्या ‘लुट्झ’ गोट्यांना अमेरिकी काचकारागीर निकोलस लुट्झ यांचे नाव चिकटले आहे, परंतु त्या मूळच्या जर्मन आहेत.

सगळ्यांत मोठी अडचण पॉलिशची. टवके उडालेली गोटी विकण्यापूर्वी घासून चकचकीत करण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यात पॉन्टिल किंवा घडीची रेघ, म्हणजे जिच्यावर सारा निर्णय अवलंबून असतो ती खूणच, नाहीशी होते. अशा गोटीची किंमत म्हणूनच घसरते. उलट बाजूने, गेल्या काही दशकांत काचकलावंतांनी जुन्या पद्धतीने घडवलेल्या नव्या गोट्यांवरही पॉन्टिल असते. कित्येकांवर कलावंताची सही असते, पण सही घासून काढता येते. अशा वेळी खेळताना एकमेकींवर आपटल्याने पृष्ठभागाखाली उमटलेल्या चंद्रकोरीसारख्या चिरा आणि पॉन्टिलच्या कडेची झीज भिंगाखाली पाहावी. संपूर्ण गोटी कोरी आणि टोक तेवढे जुने भासत असेल, तर विक्रेत्याला तिच्या उगमाविषयी आणखी प्रश्न विचारावेत. टोके पूर्णपणे घासलेली असतील आणि आतला गाभा किंवा धागेही काही सांगत नसतील, तर नोंदवहीत त्या गोटीपुढे ‘घडण अनिश्चित, पॉलिश केलेली’ एवढेच लिहावे.