स्क्रब टायफस उंदीर चावल्याने होत नाही

रानउंदीर चावला की स्क्रब टायफस होतो आणि उंदीर मारले की साथ आटोपते, हे दोन्ही समज चुकीचे. या तापाचा जीवाणू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, माणसात शिरतो तो चिगर माइट नावाच्या कोळ्याच्या कुळातल्या बारीक जीवाच्या पिल्लाच्या चाव्यातून.

हे पिल्लू जेमतेम पाव मिलिमीटरचं, सहा पायांचं. रानउंदराच्या कानात डोकावलं तर त्यांचे नारिंगी पुंजके चिकटलेले दिसतात. ते रक्त पीत नाही, बरं का! लाळेने कातडी विरघळवून तो रस ओढतं. तेही आयुष्यात एकदाच, मग गळून पडतं. आठ पायांचा प्रौढ माइट मातीत राहून बारीक किड्यांची अंडी खातो. माणसाच्या वाटेला जात नाही.

खरी मेख पुढे आहे. जीवाणू माइटच्या मादीकडून थेट अंड्यांत उतरतो, म्हणजे त्याचं कोठार माइटच. नुसते उंदीर मारले तर भुकेली पिल्लं दुसरं सावज शोधणार, ते माणूसही असू शकतं. झुडपांतून फिरून आल्यावर काही दिवसांनी ताप आला तर काखेत, जांघेत चाव्याची काळी खपली आहे का ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. खपली नसली तरी झुडपांत गेल्याचं सांगाच. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर सुरू झालं तर ताप सहसा लवकर उतरतो.