बुळकांडी गेली, सेरेंगेटीत झाडं वाढली

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानात १९६१ साली वाइल्डबीस्टची (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांची) मोजणी झाली, तेव्हा ते जेमतेम अडीच लाख भरले. १९७७ पर्यंत हा आकडा तेरा लाखांच्या घरात गेला. या काळात वाइल्डबीस्टना कुणी लस टोचली नव्हती. टोचली होती ती आसपासच्या गुरांना.

रोग होता बुळकांडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर हा विषाणू पूर्व आफ्रिकेत शिरला आणि गाईबैल, रानम्हशी, वाइल्डबीस्ट यांचे कळपच्या कळप आडवे झाले. पण त्याचा मुक्काम राहिला तो पाळीव गुरांत. तिथून तो रानात जाई आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरलेली वासरं वर्षाच्या आतबाहेर मरत. १९५० च्या दशकापासून गुरांचं लसीकरण वाढलं, साखळी तुटली, आणि १९६३ च्या सुमारास रानातल्या कळपांतूनही रोग गेला. (२०११ मध्ये तो जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.)

वासरं जगू लागली आणि गवत कमी पडू लागलं. वाइल्डबीस्टचं तोंड रुंद असतं; आखूड गवत जमिनीलगत कातरायला ते अगदी सोयीचं. लाखो तोंडं चरून गेल्यावर कोरड्या हंगामात उभं वाळलेलं गवत फारसं उरत नाही. वणव्याला सलग जळण लागतं, आणि मध्येच चरलेले पट्टे आले की आग तिथेच थांबते.

याचा थेट फायदा झाडांना झाला. सेरेंगेटीतल्या बाभळीच्या जातीच्या रोपांचा शेंडा वणव्यात जळतो. मूळ जिवंत असतं, त्याला पुन्हा फुटवा येतो आणि पुढच्या वणव्यात तोही जातो. अशी झुडपं वर्षानुवर्षं गुडघाभरच राहतात. सलग काही वर्षं आग आली नाही, तर शेंडा ज्वाळांच्या वर निघतो आणि झाड वाचतं. वणवे घटले तशी तिथली झाडी दाटली, आणि अभ्यासकांच्या हिशेबानुसार हा प्रदेश कार्बन सोडण्याऐवजी साठवू लागला. हत्ती झाडं मोडतात, पाऊस कमीजास्त होतो, हे खरंच. पण आगीला लगाम घालणारा एवढा मोठा चरणारा कळप तिथे दुसरा नाही.

नदीलाही वाइल्डबीस्टकडून खाद्य मिळतं. स्थलांतरात मारा नदी ओलांडताना दरवर्षी सरासरी ६,२५० वाइल्डबीस्ट बुडतात, म्हणजे सुमारे १,१०० टन. मांस काही आठवड्यांत संपतं. हाडं मात्र विरघळायला सात वर्षांपर्यंत लागतात आणि तेवढा काळ पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात.

मसाई गुराख्यांची अडचण वेगळी आहे. वाइल्डबीस्टच्या वासरांच्या नाकातल्या स्रावातून एक हर्पिस विषाणू पसरतो. वासरांना त्याचा त्रास होत नाही, पण तो लागलेली गाय बहुधा मरतेच. म्हणून फेब्रुवारीच्या आसपास, विणीच्या दिवसांत, सर्वांत कसदार गवताची मैदानं सोडून हे गुराखी गुरं दुसरीकडे नेतात.

आणि कळप टिकतो तो वाट मोकळी असेल तरच. केनियात लोइटा मैदानांवर विणारा वेगळा कळप १९७७ च्या सुमारास एक लाखाहून मोठा होता. त्या मैदानांवर गव्हाची यांत्रिक शेती आली, आणि वीसेक वर्षांत तो पाव लाखाच्या आसपास उरला. आता तिथे कुंपणंही वाढत आहेत.