अभिजात गिटारचे तंत्र जॅझला कुठवर पुरते?

पाश्चात्त्य अभिजात गिटार बोटांनी वाजवतात आणि जॅझ गिटार पिकने (तार छेडायच्या लहान चपट्या तुकड्याने), असा फरक सहसा सांगितला जातो. तो अपुरा आहे. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी पिक बाजूला ठेवून उजव्या अंगठ्याच्या मांसल भागाने जॅझ वाजवले. ते बोटांचे वादन होते, पण अभिजात तंत्र नव्हते. अभिजात तंत्र म्हणजे अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांना एकमेकांपासून स्वतंत्र करणारी, नखांच्या आकारापर्यंत विचार केलेली शिस्त. प्रश्न या शिस्तीचा आहे.

कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, बाबतीत ही शिस्त जॅझला नुसती चालत नाही, तर मोठे बळ देते, असे माझे स्पष्ट मत आहे. जी सेव्हन ही कॉर्ड तीनच सुरांत घेऊन पाहावी: सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर तिसरा पडदा, चौथ्या तारेवर तिसरा आणि तिसऱ्या तारेवर चौथा. मधली पाचवी तार वाजता कामा नये. पिक सहाव्या तारेवरून खाली सरकताना पाचवीवरून जाणारच, म्हणून सहावी तार दाबणाऱ्या बोटाचे टोक पाचवीला हलकेच टेकवून ती मुकी करावी लागते, आणि तरीही तीन सूर किंचित एकामागून एक उमटतात. अभिजात वादकाला पाचवी तार फक्त सोडून द्यायची असते. त्याचे तीन सूर पियानोवरच्यासारखे एकाच क्षणी येतात, आणि त्यातला वरचा सूर थोडा ठळक करणे किंवा अंगठ्याने खर्जाची चाल वेगळी चालवणे त्याला आधीपासून येत असते.

एकेरी सुरांच्या ओळीत मात्र हीच तालीम आडवी येते. तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून वाजवताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा यावा, यासाठी अभिजात विद्यार्थी वर्षानुवर्षे मेहनत करतो. जॅझच्या स्विंगला, म्हणजे डोलत्या लयीला, तो सारखेपणा नको असतो. तिथे मात्रेच्या दोन भागांपैकी पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो आणि वजन पुष्कळदा त्या आखूड सुरावर पडते. पिकचा खालचा आणि वरचा फटका मुळातच वेगळा वाजतो. बोटांना हा असमतोल मुद्दाम शिकवावा लागतो. डाव्या हाताने सूर जोडण्याची अभिजात पद्धत इथे उपयोगी पडते: आखूड सूर छेडावा आणि पुढचा लांब सूर डाव्या बोटानेच उमटवावा.

वाद्याचाही अडसर आहे. अभिजात गिटारची मान वरच्या टोकाशी साधारण 52 मिलिमीटर रुंद असते, तर जॅझच्या इलेक्ट्रिक गिटारची 43च्या आसपास. डावा अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबण्याची अनेक जॅझवादकांची सवय रुंद मानेवर जमत नाही.

पिकचे प्राबल्य मुख्यतः आवाजाच्या गरजेतून आले. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात 1937 पासून असलेले गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांना ब्रास (पितळी फुंकवाद्ये) आणि ड्रम्सच्या गर्दीत विजेच्या मदतीविना दर मात्रेला कॉर्ड ऐकवायची होती. अभिजात गिटारच्या तारा (तेव्हा आतड्याच्या, पुढे नायलॉनच्या) आणि नखे तिथे टिकली नसती. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये बेनी गुडमन यांच्या जॅझ संचात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले, तेव्हा गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने ओळ वाजवता येऊ लागली, पण हातात पिकच राहिले.

म्हणून एकल वादन, गायकाची साथ किंवा लहान संच असेल, तर अभिजात शिक्षण घेतलेल्याने उजवा हात बदलू नये. बिबॉप ही वेगवान जॅझशैली वाजवायची असल्यास पिक स्वतंत्र कौशल्य म्हणून पहिल्यापासून शिकावे. गिटारवादक चार्ली बर्ड यांचा प्रवास उलट दिशेने झाला: आधी जॅझ, मग 1954 मध्ये अभिजात गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्याकडे शिक्षण. त्यानंतर 1962 मध्ये स्टॅन गेट्झ यांच्या सॅक्सोफोनसोबत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जॅझ सांबा’ या अल्बममध्ये त्यांनी नायलॉनच्या तारांची गिटार बोटांनीच वाजवली.