मॉर्फिनची सवय मेंदू कशी शिकतो

नागपुरात कॅन्सरवरच्या उपचारांसाठी विदर्भातूनच नव्हे, बालाघाट-छिंदवाड्याहूनही पेशंट येतात. वेदना शमवणारं, अफूपासून बनणारं मॉर्फिन लिहून दिलं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "बाबाले याची आदत तं नाही लागनार?" प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकणं मला पटत नाही, कारण संशोधकही अनेक वर्षं त्याच्याच मागे आहेत.

१९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य औषधं जिथे चिकटतात ते रिसेप्टर दाखवून दिले. त्या प्रयोगात नॅलॉक्सोन वापरलं होतं. ते हीच जागा अडवतं. ओव्हरडोस झालेल्याचा जीव त्याने वाचतो. पण शरीराला मॉर्फिनची सवय झाली असेल, तर काही मिनिटांत घाम, उलट्या, तगमग सुरू होते.

मग सवय याच जागी तयार होते, असं वाटणं स्वाभाविक होतं. १९९१ साली कीथ ट्रुहियो आणि हुडा अकिल यांनी भलत्याच रिसेप्टरकडे बोट दाखवलं: ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रेणूचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर, जो आठवणी पक्क्या करण्यात भाग घेतो. उंदरांना मॉर्फिनसोबत हा रिसेप्टर अडवणारं एमके-८०१ दिलं. वेदना पहिल्यासारखीच शमली, पण मॉर्फिनचा असर दिवसेंदिवस कमी होणं बरंच टळलं, आणि शेवटी नॅलॉक्सोन टोचल्यावर तगमगही कमी झाली. म्हणजे मेंदू मॉर्फिनला नुसता सरावत नाही, तो ते शिकतो. या विषयात मला याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

पुढचा रस्ता मात्र खडतर निघाला. एमके-८०१ने उंदरांच्या मेंदूतल्या पेशींना इजा होते हे आधीच दिसलं होतं, त्यामुळे माणसाला ते देणं शक्यच नव्हतं. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही हाच रिसेप्टर अडवतं. ते मॉर्फिनमध्ये मिसळून केलेल्या गोळीचा मोठ्या चाचण्यांत पेशंटना जादा फायदा दिसला नाही.

नागपूरजवळ कामठीच्या औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी अॅगमॅटिनवर काम केलंय. शरीरातच तयार होणारा हा रेणूही एनएमडीए रिसेप्टर अडवतो.

घरच्यांना एक फरक नीट सांगायला हवा. औषध अचानक थांबवल्यावर होणारा त्रास म्हणजे व्यसन नव्हे; डोस हळूहळू उतरवला की तो टाळता येतो. २०१४ साली अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांच्या परवान्यांची कटकट कमी झाली. त्या यादीत मॉर्फिनसोबत मेथाडोनही आहे, आणि मेथाडोन एनएमडीए रिसेप्टरही काही प्रमाणात अडवतं.