लॉगआउट केल्यावर चालू कामाचं काय? टर्मिनलवाल्यांच्या एका सवयीची पार्श्वभूमी

विश्रामबाग असो नाहीतर मिरज, जुन्या टर्मिनलवाल्याच्या, म्हणजे कमांड टाइप करून काम करणाऱ्याच्या, शेजारी बसून बघा, एसएसएचनं (लांबच्या मशीनवर लॉगइन करायची सोय) आत शिरल्या शिरल्या तो दुसरं काहीही न करता आधी टीमक्स उघडतो, वय जरा जास्त असेल तर स्क्रीन, दोन्ही प्रोग्रॅम आपण निघून गेलो तरी काम मागं चालू ठेवणारे. नवीन पोरांना ती स्टाइल वाटते. स्टाइल नाहीये ओ ती, पोळलेल्या माणसाची सवय आहे, आणि 2016 मध्ये याच सवयीवरून जे भांडण पेटलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, म्हणून हे मागचं सगळं एकदा लिहून ठेवतो.

फार लांबचं थोडक्यात उरकतो. 1969 च्या युनिक्सला, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाला, टेलिटाइप होतं, कागदावर ठकाठक छापणारं आणि संथ, म्हणून कमांड दोन-दोन अक्षरी. व्हीआय हा एडिटर 1976 च्या सुमाराला ज्या एडीएम 3ए टर्मिनलवर लिहिला गेला त्याच्या एच जे के एल बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आपली बोटं आजही तिथंच पडतात. आपल्या विषयाला लागणारी गोष्ट एवढीच की तेव्हा मशीन एकीकडं आणि टर्मिनल फोनच्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला असायचं, लाइन तुटली की कर्नल (सिस्टमचा गाभा) तिथल्या प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रॅमना, हँगअपचा सिग्नल पाठवायचा आणि त्या मरायच्या. ज्याला मरू द्यायचं नाही त्याच्यापुढं नोहप ही कमांड लावायची. म्हणजे नियम साधा होता, सिग्नल ऐकला तर मर, कानावर हात ठेवलेस तर जग, आणि हे कोण ठरवणार तर काम लावणारा स्वतः. 1987 ला स्क्रीन आलं आणि कानावर हात ठेवायची पण गरज उरली नाही, कंट्रोल ए दाबून डी मारा (म्हणजे डिटॅच, काम मागं चालू ठेवून बाहेर), घरी जा, उद्या येऊन स्क्रीन हायफन आर टाकून परत जोडा. गिरणीत दळणाचा डबा ठेवून बाजारात जावं तसं.

आता आपल्याकडचं. नव्वदच्या दशकात लिनक्स यायचं ते मासिकासोबतच्या सीडीतून, नंतर उबुंटूच्या सीडी थेट परदेशातून पोस्टानं घरपोच यायला लागल्या, तेही फुकट, ते 2011 पर्यंत चाललं. पण खरी सवय लावली ती 2005 नंतरच्या ब्रॉडबँडनं. स्पीड 256 केबीपीएस, दिवसा डेटा मोजून मापून, आणि एका प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 अनलिमिटेड. आता गणित करा, 256 केबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर 32 केबी, 700 एमबीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइल, उतरवायला सहा तासांच्या वर वेळ लागतो, आणि हातात तास सहाच! म्हणजे एक सीडी एका रात्रीत मावत नाही, थोडक्यात हुकते. यावर औषध काय तर फाइल उतरवायची कमांड डब्ल्यूगेट हायफन सी, जिथं तुटलं तिथून पुढं उद्या रात्री. क्रॉनला (ठरल्या वेळी काम लावणारा प्रोग्रॅम) 2 वाजून 5 मिनिटांनी सुरू कर म्हणून सांगायचं, 7:50 ला पीकिलनं बंद, दोन्हीकडं पाच-दहा मिनिटं सोडलेली कारण आपलं घड्याळ आणि बिल करणाऱ्याचं घड्याळ एक असेलच असं नाही. क्रॉन, डब्ल्यूगेट, एमडी5सम ही साधनं इथल्या कितीतरी जणांनी पुस्तकातनं नाही, त्या रात्रीच्या प्लॅनमुळं शिकली. एमडी5सम तर सकाळी दात घासायच्या आधी, कारण तुकड्या-तुकड्यात उतरलेली फाइल धड आहे का बिघडलीय हे सीडी जाळायच्या आधी कळलेलं बरं, कोऱ्या सीडीला पैसे पडायचे.

आणि वरून लोडशेडिंग. त्या वर्षांत वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं, आणि वेळापत्रकात नसताना पण जायची. घरचा पीसी इन्व्हर्टरवर असेल तर ठीक, नाहीतर चार तास चाललेलं कंपाइल (कोडमधून प्रोग्रॅम बांधणं) गेलं. म्हणून ज्याचं खातं कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर होतं, जिथं मागं जनरेटर होता, तो घरनं एसएसएच करायचा, तिकडं स्क्रीन उघडायचा आणि काम तिकडंच लावायचा. इथं लाइट गेली, मॉडेम मेला, एसएसएच तुटलं, काही बिघडत नाही, तिकडं काम चालूच. आर्सिंक, एलिंक्स, मट, मिडनाइट कमांडर ही टर्मिनलमधली साधनं, पेनड्राइव्हवर सोबत फिरणारी बॅशआरसी ही सेटिंगची फाइल, हा सगळा संसार त्या काळातला, सगळ्याचा सूर एकच की लाइन भरवशाची नाही असं धरून चालायचं. (देवनागरी मात्र तेव्हा टर्मिनलमध्ये बघवत नव्हती. टर्मिनल सगळं चौकटीत बसवतं, आपली काना-मात्रा-वेलांटी चौकट मानत नाही. आजही फार सुधारलंय असं नाही.)

आता भांडण. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये बाकीचं सगळं सुरू करून सांभाळणारी व्यवस्था, 2010 ला आलं, त्यावरची मोठी लढाई 2014 ला डेबियनमध्ये (लिनक्सचं एक वितरण, म्हणजे बांधून दिलेला संच) झाली, समितीत मतं निम्मी-निम्मी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी आलं, न पटलेल्यांनी त्याच वर्षी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. तो इतिहास सगळीकडं मिळतो. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं आणि दिसायला बारकं, मे 2016 मधली सिस्टमडीची आवृत्ती 230. त्यात लॉगइनडीच्या (सिस्टमडीचा लॉगइन सांभाळणारा भाग) सेटिंगमध्ये एक ओळ बदलली, किलयूजरप्रोसेसेस, जिथं मुळात नो होतं तिथं येस. अर्थ असा की तुम्ही लॉगआउट केलंत की तुमच्या त्या सेशनमध्ये सुरू झालेलं सगळं गुंडाळायचं. नोहप लावलंय? तरी गुंडाळा. स्क्रीन डिटॅच केलंय? तरी. आधी विनंतीचा सिग्नल, नाही ऐकलं तर सक्तीचा. म्हणजे चाळीसेक वर्षं जो निर्णय काम लावणाऱ्याच्या हातात होता तो एका रात्रीत सिस्टमकडं गेला आणि बहुतेकांना कळलं ते सकाळी, काम गायब झाल्यावर.

बदल करणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती, हे सांगायला पाहिजे. लॅबमध्ये काम केलेल्याला ती पटेल. पहिली बॅच लॉगआउट करून जाते, मागं ब्राउझर, ऑडिओचं काहीतरी, कुणाचा तरी अनंत लूप तसाच फिरत राहतो, दुसऱ्या बॅचचं मशीन रडत उघडतं. कोणती प्रोसेस मुद्दाम ठेवलीय आणि कोणती चुकून राहिलीय हे सिस्टमला ओळखता येत नाही, म्हणून ज्याला ठेवायची आहे त्यानं तसं स्पष्ट सांगावं, लॉगइनसीटीएल एनेबल लिंगर ही कमांड द्यावी किंवा सिस्टमडी-रननं वेगळ्या कप्प्यात सुरू करावं. कागदावर सगळं बरोबर. पण नोहप लिहिणं म्हणजे स्पष्ट सांगणंच होतं की, ते काय चुकून टाइप होतंय का? त्याचं उत्तर मला तरी धड मिळालेलं नाही.

मग टीमक्सवाल्यांना सांगण्यात आलं की तुम्ही तुमच्या कोडमध्ये सिस्टमडीशी बोलायची सोय करा. त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की टीमक्स लिनक्सपुरतं नाही, 2007 ला ते सुरू झालं ते बीएसडीच्या (युनिक्सचं दुसरं घराणं) माणसांतून, एका सिस्टमनं वागणूक बदलली म्हणून बाकीच्या सगळ्यांसाठीच्या प्रोग्रॅमनं का वाकायचं. डेबियनमध्ये काही दिवसांतच बगची तक्रार पडली, पॅकेज करणाऱ्यांनी तो पर्याय परत नो करून टाकला. फेडोरा या दुसऱ्या वितरणात पण बंदच ठेवतात. मूळ प्रकल्पात मात्र तो आजही येस आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मॅन पेजवरच (माहितीच्या पानावरच) लिहिलंय की असं ठेवलं तर स्क्रीन आणि टीमक्ससारखी साधनं मोडतात, सेशनच्या बाहेर हलवली नाहीत तर. स्वतःच लिहायचं मोडतं म्हणून आणि स्वतःच ठेवायचं, चालतंय की!

त्यामुळं आज परिस्थिती अशी की तुमचं काम टिकणार का हे तुम्ही कोणतं वितरण घेतलंय आणि ते पॅकेज कुणी कसं बांधलंय यावर ठरतं. स्वतः सोर्समधून सिस्टमडी बांधणाऱ्याला अजूनही धक्का बसू शकतो. दरम्यान रेड हॅटच्या आवृत्ती 8 मधून 2019 ला स्क्रीन काढलंच, टीमक्स वापरा म्हणाले, आणि वीसेक वर्षं कंट्रोल ए दाबलेल्या बोटांना कंट्रोल बी शिकायला लागलं. बरेच जण शिकले नाहीत, पहिल्या दिवशीच कॉन्फिगमध्ये ते परत कंट्रोल ए करून ठेवलं.

विंडोजवरून येणाऱ्या पोरांनी हीच गोष्ट वेगळ्या दारानं पाहिली. 2016 ला विंडोजमध्ये लिनक्सची उपप्रणाली आली तेव्हा शेवटची खिडकी बंद केली की मागचं सगळं बंद व्हायचं, 2018 च्या अपडेटनंतर मागची कामं टिकायला लागली. तिथं बदल उलट्या दिशेनं झाला, आणि कुणी भांडलं नाही.

सध्या हाच घोळ फोनवर चाललाय. लॅपटॉप घ्यायच्या आधी टर्मक्सवर (अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप) शिकणारी पोरं आता बरीच दिसतात, आणि अँड्रॉइड 12 पासून सिस्टम ॲप्सनी मागं सुरू केलेल्या पोरप्रोसेस मोजते, सगळ्या मिळून 32 च्या वर गेल्या की जास्तीच्या मारते. फोनच्या पडद्यावर येतं प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल 9. पोरगं बिचारं आपल्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतं. नोहप लावून उपयोग नाही, 9 नंबरचा सिग्नल कुठल्याच प्रोसेसला अडवता येत नाही. अँड्रॉइड 14 असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चाइल्ड प्रोसेसवरचे निर्बंध बंद करायचं बटण आहे, त्याच्या आधीचा फोन असेल तर बहुतेक वेळा एडीबीनं (फोनला आतून कमांड द्यायचं साधन) ती मर्यादा वाढवायला लागते, आणि बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून टर्मक्सला वगळायचं ते वेगळंच.