जुनी आउटबोर्ड मोटर : ठिणगी व वायरिंगमधील दोष

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंजाने अडकवायचे इंजिन. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तिला ‘ओबीएम’ म्हणतात. ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये तिचा व्यापार सुरू केला. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) या एकाच कंपनीकडे आली. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी तिच्या १९५० ते १९७० च्या दशकांतील दोन सिलिंडरच्या मोटरी आजही चालतात. त्यांची मॅग्नेटो रचना, म्हणजे फिरत्या चुंबकाने ठिणगीची वीज बनवणारी रचना, शिकायला सोपी असल्याने या नोंदीतील मापे मुख्यतः तिचीच आहेत.

मोटारगाडीच्या सवयीने मॅग्नेटो तपासायला बसले की चूक होते. गाडीत चावी फिरवल्यावर बॅटरीचा १२ व्होल्ट प्रवाह कॉइलला मिळतो आणि चावी बंद केली की तो तुटतो. मॅग्नेटोला बॅटरीची गरजच नसते. फ्लायव्हीलमधील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरील जड चाकातील, चुंबक फिरून कॉइलमध्ये वीज तयार करतो, आणि इंजिन बंद करायचे म्हणजे ती वीज बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडायची. त्यामुळे बंद करण्याची तार कुठे घासून बॉडीला लागली, तर इंजिन कायमचे ‘बंद’च राहते. हीच गोष्ट विसरून कोणी होडीवर गाडीचा चावीस्विच बसवला, की त्या तारेत १२ व्होल्ट जातात. सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक रचना, असलेल्या मोटरीत तेवढ्याने तिचा पॉवर पॅक (इलेक्ट्रॉनिक डबी) जळतो.

तपासणी ठिणगीपासून सुरू करावी. आधी पेट्रोलची टाकी व नळी दूर करावी आणि सांडलेले पुसून काढावे. मग सगळे प्लग काढून ठिणगी-परीक्षक बॉडीला पक्का जोडावा व दोरी जोरात ओढावी. पॉइंटवाल्या (उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या धातूच्या टोकांच्या) मॅग्नेटोत ठिणगीने सुमारे ६ मिमी, तर सीडीआयमध्ये सुमारे ११ मिमी अंतर कडकडीत निळी उडी मारून ओलांडले पाहिजे. प्लगच्या टोकाशी दिसणारी ठिणगी पुरावा म्हणून धरू नये, कारण तिथली फट पाऊण मिलिमीटरचीच असते. सिलिंडरमधील दाबाखाली तीच ठिणगी दम तोडते. वायर हातात धरून ‘करंट येतो का’ पाहणे हा तर धोकाच आहे, विशेषतः सीडीआयवर.

कोणत्याच सिलिंडरला ठिणगी नसेल तर पहिले काम एकच: इंजिन बंद करणाऱ्या तारा मोटरपाशीच सोडवून पुन्हा दोरी ओढणे. ठिणगी परतली तर दोष स्विचमध्ये किंवा होडीतील वायरिंगमध्ये आहे आणि फ्लायव्हील उघडण्याची गरज नाही. ओएमसीच्या नंतरच्या मोटरीत ही तार काळी-पिवळी असते, तर यामाहात पांढरी. ओएमसीच्या जांभळ्या तारेत चावी चालू असताना १२ व्होल्ट असतात. ती काळ्या-पिवळीला कधीही टेकू देऊ नये. अशी मोटर चावीने बंद होण्यासाठी स्विचच्या ‘एम’ टर्मिनलमधून अर्थ मिळतो: बंद स्थितीत ओहममीटरने शून्य आणि चालू स्थितीत अनंत दाखवले पाहिजे.

एकच सिलिंडर पेटत नसेल तर प्लग अदलाबदल करून दोष प्लगबरोबर फिरतो का पाहावे. तो जागचा हलला नाही, तर मात्र फ्लायव्हील काढावे लागते. त्याला तीन बोल्टांनी मधल्या भागावर बसणारा पुलरच (खेचून काढायचे साधन) वापरावा. कडेला धरून ओढणारा पुलर फ्लायव्हील वाकवतो. हातोडीने ठोकल्यास क्रँकशाफ्टचे टोक चेपते.

आत सर्वांत जास्त दोष पॉइंटमध्ये सापडतात. पावसाळाभर पडवीत टेकवून ठेवलेल्या मोटरीत पॉइंटच्या तोंडांवर ऑक्साइडचा करडा थर येतो; डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण मॅग्नेटोच्या थोड्याशा व्होल्टेजला अडवायला पुरतो. पॉलिश पेपरचे कण रुततात, म्हणून बारीक पॉइंट फाइल दोन-तीनदा फिरवावी, नंतर ॲसिटोनमध्ये भिजवलेली कोऱ्या कार्डाची पट्टी पॉइंट मिटवून ओढावी. पट्टीवर काळा ओरखडा उमटेनासा होईपर्यंत ती बदलत राहावी. शेवटची पट्टी कोरडी हवी. नवे पॉइंटही असेच पुसून घ्यावेत, कारण त्यांना गंज न लागण्यासाठी तेल लावलेले असते.

फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. पॉइंटची घासपट्टी कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरील उंचवट्याच्या) सर्वांत उंच भागावर आल्यावर ती मोजायची. ०.०२० ची फीलर पट्टी किंचित अडखळत जावी, ०.०२२ ची जाऊ नये. फट मोठी झाली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते, लहान झाली की उशिरा. दोन पॉइंटच्या फटी वेगळ्या ठेवल्या तर दोन सिलिंडर वेगवेगळ्या वेळी पेटतात आणि मोटर मंद गतीवर धडधडते. तारा सुटसुटीत दिसत असूनही असे होते, म्हणून लोक उगीच कार्ब्युरेटर खोलतात.

पॉइंट उघडताना ठिणगी त्यांच्यामध्येच न पडावी म्हणून कंडेन्सर असतो, सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा. पॉइंट निळे पडलेले किंवा खड्डे पडलेले असतील आणि प्लगवरची ठिणगी पिवळी, मलूल असेल तर संशय त्याच्यावर. त्या काळातील कॉइलचे वेष्टण वयाने तडकते. भेगेतून ओल शिरते आणि विजेचा उच्च दाब तिथूनच बॉडीला उडी मारतो. अंधारात दोरी ओढली की हे दिसते. गार असताना चालणारी व तासाभराने बंद पडणारी मोटर बहुधा याच आजाराची. नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी टाचा मॅग्नेटो प्लेटवरील (कॉइल व पॉइंट बसवलेल्या तबकडीवरील) तासलेल्या कडेशी बरोबर जुळवाव्यात. त्या बाहेर राहिल्या तर फ्लायव्हीलच्या आत चकचकीत ओरखडा उमटतो.

मॅग्नेटो प्लेट थ्रॉटलबरोबर फिरते आणि तिच्या तारा दर वेळी वाकतात. वर्षानुवर्षांनी आतले तांब्याचे धागे तुटतात, पण बाहेरचे कवच शाबूत असते. ओहममीटर जोडून लिव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावा. आकडा मध्येच उडाला की तार बदलायची. प्लगकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या वायरला तांब्याचा गाभा हवा. गाडीची कार्बन गाभ्याची वायर कॉइलच्या टोकदार खिळ्यावर नीट बसत नाही.

फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग कोरडा व स्वच्छ असावा. फ्लायव्हीलला शाफ्टवर जागी धरणारी छोटी किल्ली (धातूची खीळ) अर्धवट कापलेली असेल तर ठिणगीची वेळ चुकते, दोरी हाताला झटका देते. ती किल्ली पुन्हा वापरू नये. लहान मोटरींचा नट साधारण ४० ते ४५ फूट-पाउंड घट्ट करतात, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्यावा.

लहान मोटरींत १९७० च्या दशकात आलेल्या सीडीआयमध्ये पॉइंट नाहीत. चार्ज कॉइल पॉवर पॅकला भरते आणि सेन्सर त्याला सोडण्याची वेळ सांगतो. ओएमसीच्या १९८० च्या दशकातील अनेक दोन सिलिंडर मोटरींत चार्ज कॉइल सुमारे ५५० व सेन्सर सुमारे ४० ओहम दाखवतो. पॉवर पॅक सर्वांत महाग, आणि नेमका तोच आधी बदलला जातो. तो शेवटीच बदलावा.

बॅटरीने सुरू होणाऱ्या मोटरीत इंजिन हळू फिरले तर सीडीआयची ठिणगीही पडत नाही. स्टार्टर फिरताना बॅटरीवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी येऊ नये. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर द्यावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची केबल किंवा तिचा लग (टोकाची धातूची कडी) खराब. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार कवचाच्या आत वीतभर काळी पडलेली सापडते, त्यामुळे चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावे आणि कलई केलेली तार वापरावी. लग दाबून बसवावा व आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी तापवून चढवावी. इन्सुलेशन टेपखाली खारे पाणी साचून राहते. बॅटरी उलटी जोडली तर क्षणात रेक्टिफायरचे (बॅटरी चार्ज करण्यासाठी वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागाचे) डायोड जातात. मोटर चालू राहते, पण चार्जिंग थांबलेले असते.