विहंगम मार्ग

विहंगम मार्ग : ध्यानाला विचाराची जोड देऊन आपले खरे स्वरूप ओळखण्याची, इंचगिरी संप्रदायात रूढ झालेली साधनपद्धती. तिच्याबरोबर पिपीलिका मार्गाचे नाव हटकून येते. विहंगम म्हणजे पक्षी, पिपीलिका म्हणजे मुंगी. मुंगी बुंध्यावरून चढत, फांदीफांदीने फळापर्यंत पोचते. पक्षी उडून थेट फळावर बसतो. नामाचे दीर्घकाळ ध्यान हा मुंगीचा मार्ग, तर सद्गुरूच्या मुखाने श्रवण करून ‘मी कोण’ याचा तिथल्या तिथे निकाल लावणे हा पक्ष्याचा, अशी संप्रदायाची मांडणी आहे. उत्तर भारतात सदाफलदेव महाराजांनी सुरू केलेला ‘विहंगम योग’ ही निराळी परंपरा असून तिचा येथे संबंध नाही.

ही दोन नावे संप्रदायाने नव्याने घडवलेली नाहीत. वराहोपनिषदात शुक आणि वामदेव या ऋषींच्या नावाने दोन वाटा सांगितल्या आहेत. शुकाची वाट विहंगम, वामदेवाची पिपीलिका. दोन्ही देवनिर्मित आहेत, असे उपनिषद म्हणते, म्हणजे एकीला कनिष्ठ ठरवण्याचा त्याचा हेतू दिसत नाही. मराठीत हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पक्षी झेप घेऊन फळाला झोंबतो, माणसाला तसे जमत नाही, तो हळूहळू वर चढतो पण पोचतो नक्की, असे सांगून ज्ञानेश्वर सांख्यांच्या ज्ञानमार्गाला ‘विहंगममत’ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला कर्मयोग ठेवतात. ध्यान आणि विचार अशी जोडी तिथे नाही. ती लावली गेली विसाव्या शतकात.

इंचगिरी हे गाव विजापूर (आता विजयपुरा) जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. संप्रदायाची परंपरा निंबरगीच्या गुरुलिंगजंगम महाराजांपासून मोजतात. ते लिंगायत होते आणि त्यांचा बोध कानडीत आहे. त्यांचे शिष्य रघुनाथप्रिय महाराज आणि त्यांच्या मागून भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४). उमदी जत तालुक्यातले. भाऊसाहेबांनी १८८५ मध्ये इंचगिरीस मठ स्थापन केला. नवनाथांकडे मूळ जोडणारी, लिंगायत गुरूंचा वारसा सांगणारी आणि नित्य वाचनाला दासबोध धरणारी ही परंपरा सीमाभागातच उभी राहू शकली असती. तिथल्या माणसाला कानडी बोध आणि मराठी ओवी यांत अंतर वाटत नाही.

भाऊसाहेबांची शिकवण नामाच्या ध्यानाची. त्याला संप्रदायात ‘नेम’ म्हणतात. अनुग्रहाच्या वेळी मिळालेले नाम मनातल्या मनात, श्वासाच्या लयीवर चालवायचे. बैठक मोडायची नाही. दिवसातून ठरलेल्या वेळी आणि वाढवत वाढवत तासन्‌तास. नेम सोडून पोथीवर तावातावाने बोलणाऱ्याला या मंडळींत फारशी किंमत नसे. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांना १९०१ मध्ये भाऊसाहेबांचाच अनुग्रह झाला. पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कुलगुरू झालेल्या या माणसाने उपनिषदांवर आणि महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवांवर इंग्रजीत मोठे ग्रंथ लिहिले, पण स्वतःची साधना शेवटपर्यंत नेमाचीच ठेवली. सोलापूर–विजापूर रेल्वेमार्गावरील निंबाळ येथे त्यांचा आश्रम आहे. ध्यानात दिसणारे तेज, ऐकू येणारा नाद, उमटणारी रूपे या अनुभवांना रानडे साक्षात्काराच्या वाटेवरची खूण मानत.

विहंगम मार्गाचे श्रेय मात्र त्यांच्या गुरुबंधूकडे जाते. सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) मूळचे सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे. शाळेत ते फारसे रमले नाहीत. विजापूरला एका पेढीवर हिशेबाचे काम करीत. १९०६ मध्ये भाऊसाहेबांनी त्यांना अनुग्रह दिला. गुरूंच्या देहावसानानंतर काही वर्षांनी ते गुरुबंधूंबरोबर प्रचारास निघाले आणि १९२० च्या सुमारास त्यांना वाटू लागले की ध्यानाच्या पलीकडे जायला हवे. गुरूंनी ध्यानच सांगितले, त्यापलीकडचे काही सांगितले नाही, अशी गुरुबंधूंची हरकत होती. सिद्धरामेश्वर एकटे विजापूरला परतले आणि महिनोन्‌महिने ध्यानालाच बसले. संप्रदायातली मंडळी सांगतात ती हकीकत अशी आहे. तिच्यातला पेच सहसा कोणी बोलून दाखवत नाही : पक्ष्याची वाट सांगणाऱ्याने चौदा वर्षे मुंगीची वाट तुडवली होती आणि ध्यानापलीकडे जाण्यासाठीही तो ध्यानालाच बसला. विहंगम मार्गाला ‘ध्यान नको म्हणणारा मार्ग’ समजणे म्हणूनच चूक आहे.

पद्धतीचा कणा म्हणजे चार देहांचा निरास, म्हणजे ‘हा मी नव्हे’ असे ठरवून एकेक देह बाजूला सारणे. स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण हे चार देह आणि त्यांच्या जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या या अवस्था रामदासांनी दासबोधाच्या सतराव्या दशकातील नवव्या समासात सांगितल्या आहेत. सिद्धरामेश्वरांनी या शास्त्रीय मांडणीचा हातात धरून चालवण्याजोगा शोध केला. आरंभ ते एका जुन्या गोष्टीने करतात. अंधेर नगरीत गोमाजी गणेश नावाच्या कोणीएकाने अशी वहिवाट पाडली की ‘गोमाजी गणेश, पितळी दरवाजा’ हा शिक्का असल्याखेरीज कागद ग्राह्य धरायचा नाही. अधिकारी आले नि गेले, शिक्का चालू राहिला. पुढे एकाचा कागद तेवढ्यावरून नाकारला गेला, तेव्हा कुठे हा गोमाजी कोण म्हणून चौकशी झाली. पाहतात तो त्याला कसलाच अधिकार नव्हता. देहावर, मनावर, बुद्धीवर ‘मी’ आणि ‘माझे’ असा शिक्का मारणारा असाच एक गोमाजी आहे, त्याचा ठावठिकाणा काढा, हे निरूपणाचे सूत्र.

चौकशी स्थूल देहापासून सुरू होते. हाताला हात म्हणतात, कानाला कान, पोटाला पोट. ‘मी’ नावाचा अवयव कुठेही सापडत नाही. मग सूक्ष्म देह : इंद्रिये, पंचप्राण, मन, बुद्धी. इथे साधकाची भाषाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते, कारण तो ‘माझे मन’ म्हणतो आणि जे माझे ते मी नव्हे. एवढ्यापर्यंत बहुतेकांना पटते. खरी अडचण तिसऱ्या देहात. सगळे बाजूला सारल्यावर काहीच उरत नाही, एक काळोखी विस्मृती उरते. कारण देह तो हाच, आणि पुष्कळ साधक इथून घाबरून मागे फिरतात किंवा हीच समाधी समजून बसतात. सिद्धरामेश्वरांचे सांगणे असे की मागे फिरू नका, या पोकळीतच ठाण मांडा. ‘मला काहीच कळत नाही’ हे ज्याला कळते तो त्या विस्मृतीचा साक्षी आहे. ती जाणीव म्हणजे महाकारण देह. ‘अहं ब्रह्मास्मि’ची जागा हीच. पण तीही देहच आहे, तेव्हा तिचाही निरास करायचा. ज्ञान अज्ञानामुळे आले, अज्ञान गेल्यावर ज्ञानाचे काम संपले. ज्ञान टाकायला सांगणारी ही चौथी पायरी नुसत्या वाचनाने समजल्यासारखी वाटते. साधकांच्या प्रश्नोत्तरांत सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

या मांडणीत ध्यान नाहीसे झालेले नाही, त्याची जागा बदलली आहे. निरूपण ऐकणे हे श्रवण, ते घोळवणे हे मनन, आणि ठरलेल्या निष्कर्षावर स्थिर राहणे हे निदिध्यासन. दासबोधाच्या चौदाव्या दशकात अखंड ध्यानाचा समास आहे. ध्यान धरणारा कोण आणि ध्यानात आठवला जातो तो कोण, असे विचारून रामदास दोघांत अनन्यपणा हवा असे म्हणतात. विहंगम मार्गातले ध्यान या प्रश्नाच्या जवळचे आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण निसर्गदत्त महाराजांचे. मारुती शिवरामपंत कांबळी (१८९७–१९८१) यांचा जन्म मुंबईचा, बालपण सिंधुदुर्गातील कांदळगावचे. मुंबईत त्यांची विड्यांची दुकाने होती. १९३३ मध्ये एका स्नेह्याच्या आग्रहावरून ते सिद्धरामेश्वरांकडे गेले. गुरूंनी सांगितले ते एवढेच की ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेव, तिला दुसरे काही चिकटू देऊ नकोस. ‘मी अमका आहे’ मधला अमका गाळायचा आणि राहिलेल्या नुसत्या असण्यावर बसायचे. नामाचा आधार नाही, रूपाचा नाही. ध्यान ज्याचे करायचे तो करणाराच. १९३६ मध्ये गुरूंचे निधन झाले. पुढच्या वर्षी घर सोडून ते भ्रमंतीला गेले, काही महिन्यांनी परतले आणि प्रपंच पुन्हा सांभाळला. खेतवाडीतील दहाव्या गल्लीत राहत्या घराच्या पोटमाळ्यावर बसून ते पुढे अनेक वर्षे येणाऱ्यांशी बोलत राहिले. शेवटच्या काळातील बोलण्यात त्यांनी ‘मी आहे’चीही गय केली नाही. ही जाणीव अन्नरसाच्या देहाचा गुण आहे, देह आहे तोवर ती आहे, तिच्या आधी जे होते ते तुम्ही, असे ते सांगत. सिद्धरामेश्वरांच्या महाकारण निरासाचाच हा रोखठोक, गिरगावी अवतार म्हणता येईल.

तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींचा आत्मविचार याला जवळचा असल्याने दोन्ही एकच मानण्याची पद्धत पडली आहे. ‘मी’ हा विचार कुठून उठतो ते पाहत मुळापर्यंत जाणे, ही रमणांची रीत. देहांच्या पायऱ्या, दासबोधाचे वाचन, गुरुपरंपरेचा मंत्र या गोष्टी तिथे आवश्यक नाहीत. दोन्ही परंपरा जोडणारा दुवा होता मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधून आलेला हा अभियंता रमणांचा भक्त होता, औंध संस्थानातील ग्रामराज्याच्या प्रयोगात गांधी आणि अप्पा पंत यांच्याबरोबर होता आणि उतारवयात खेतवाडीला नियमित जात असे. निसर्गदत्तांच्या मराठी संवादांचे त्याने केलेले इंग्रजी रूपांतर ‘आय अॅम दॅट’ १९७३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि पोटमाळ्याकडे परदेशी साधकांची रीघ लागली. महाराज मराठीत बोलत, दुभाषी इंग्रजी करीत.

सिद्धरामेश्वरांचे इतरही शिष्य पुढे गुरुपदी बसले. रणजित महाराज (१९१३–२०००) मुंबईत हिशेबनिसाची नोकरी करीत. उतारवयात त्यांनी युरोप-अमेरिकेत प्रवचने केली. विजापूर जिल्ह्यातील कन्नूरचे गणपतराव महाराज आणि कोल्हापूरजवळच्या कणेरी येथील सिद्धगिरी मठाचे मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज हेही याच शिष्यमंडळातले. काडसिद्धेश्वर स्वतः प्राचीन लिंगायत पीठाचे अधिपती होते, तरी त्यांनी एका गृहस्थाश्रमी गुरूचा अनुग्रह घेतला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

नेमाच्या शाखेतून या मार्गावर घेतला जाणारा आक्षेप जुनाच आहे : नुसत्या विचाराने शब्दज्ञान वाढते, वासना जागच्या जागी राहतात. आक्षेपात तथ्य आहे. सिद्धरामेश्वरांनाही ते मान्य असावे, कारण विवेकाबरोबर वैराग्य आणि ज्ञानानंतर भक्ती यांवर त्यांचा भर आहे. ज्ञान झाल्यावर भजन सोडणाऱ्या साधकाचे ज्ञान त्यांना कोरडे वाटे. निसर्गदत्तांच्या घरी दिवसातून चार वेळा भजन होई. स्वतः महाराज झांजा घेऊन उभे राहत, आरती होई, गुरूंच्या तसबिरीला हार पडे. इंग्रजीतून या मार्गाकडे आलेल्या वाचकाच्या हाती प्रश्नोत्तरे पडतात, भजनाचा हा भाग क्वचितच पडतो. मग तो ‘काहीच करायचे नाही’ असा सोपा अर्थ काढतो. सिद्धरामेश्वरांची समाधी मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेवर आहे आणि तिथल्या पुण्यतिथीलाही आधी भजन-आरती चालते, निरूपण त्यातच मिसळलेले असते.